कोरड्या रेतीत भिवाजी

कामरगावच्या स्टँडवर उतरून ‘जीपवाला कुठे भेटेल’ असं विचारलंत, तर लोक भिवाजी चक्रनारायणचं घर दाखवतात. स्टँडवर जीपवाले दहा-बारा आहेत, दिवसभर ओरडून प्रवासी भरतात, पण त्यांना नावानं विचारावं लागतं. नुसतं जीपवाला म्हटलं की भिवाजी. हा मान त्याला कोणी सत्कारात दिलेला नाही.

वय साठ-बासष्ट. मान आखूड, हात लांब, डोळे सतत जमिनीकडे. लोकांना वाटतं माणूस लाजाळू आहे. लाजाळू नाही, तो माती पाहत असतो. बोलणं इतकं कमी की सलग तीन वाक्यं बोलला तर त्याची बायको, आमच्या गंगूवहिनी, त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहतात.

त्याची जीप लष्कराच्या लिलावातून निघालेली. आधी कोण्या ठेकेदारानं वापरून टाकली, मग भिवाजीनं घेतली, त्याला बावीस वर्षं झाली. चारही चाकं ओढणारी, फोर बाय फोर. वर ताडपत्रीचा हूड, मागे दोन लोखंडी बाकडी, त्यांच्यामध्ये गुंडाळी करून ठेवलेली कापसाची गादी. ती गादी कशासाठी, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. वाचणाऱ्याला सांगावं लागेल.

आमच्या गावाखाली नाला आहे आणि नाल्यापलीकडे चार वस्त्या आहेत. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत त्या वस्त्यांची पांदण म्हणजे काळ्या मातीचा रबडा. अँब्युलन्स नाल्याच्या अलीकडे उभी राहते आणि ड्रायव्हर फोनवर सांगतो, पेशंटला इकडे आणा. पोटात कळा सुरू झालेल्या बाईनं गुडघाभर चिखल तुडवत इकडे यावं, अशी शासनाची अपेक्षा आहे. पुलासाठी मी निवेदनं दिली, उपोषणाला बसलो, तहसीलच्या दारात बैल बांधले. पूल तीनदा मंजूर झाला. मंजूर झालेल्या पुलावरून कोणाला पलीकडे जाता येत असेल तर त्यानं मला येऊन दाखवावं. तोवर भिवाजी जीप घालत होता. बावीस पावसाळे. गंगूवहिनी मागे गादीवर बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसायच्या, भिवाजी पुढे. दोन लेकरं जीपमध्येच जन्मली. एक नाल्यापलीकडच्या रुख्मिणीचा मुलगा, तो आता सातवीत आहे आणि स्टँडवर भिवाजी दिसला की उगीच जीपचा आरसा पुसतो.

चिखलात गाडी घालायची भिवाजीची पद्धत सांगतो. तो आधी उतरायचा. चप्पल काढायचा आणि टाच मातीत दाबून पाहायचा. ओली, चमकणारी माती दिसली की ती सोडून द्यायचा, कारण ती गाडी खाते. पांढुरकी, वरून कोरडी पट्टी सापडली की त्यावरून चाकं न्यायचा. थांबायचं झालं तर उंचवट्यावर, खोलगटात कधीच नाही. टायरात हवा गच्च. आणि तरीही गाडी फसलीच तर चाकाखाली दगड आणि पऱ्हाट्या. कापूस वेचून झालेली ती झाडं आमच्याकडे धुऱ्याधुऱ्यावर, शेताच्या बांधांवर, पडलेली असतात. शिवाय गाडी फसली म्हटलं की शेताशेतातून माणसं येतात, बोलवावं लागत नाही. एवढं सगळं असताना त्याची जीप बावीस वर्षांत एकदाही चिखलात मुक्कामाला राहिली नाही.

गंगूवहिनींचे गुडघे त्या लोखंडी गाडीनंच खाल्ले. मांडी घालून, हिसके खात, दुसऱ्याच्या बायकोचं वजन अंगावर घेऊन तीन-तीन तास बसायचं, ते कुठे जाणार? आता दहा पावलं चालल्या की त्यांना बसायला काहीतरी लागतं. या बाईनं कधी काही मागितल्याचं मला माहीत नाही. म्हणून जेव्हा त्यांनी मागितलं तेव्हा भिवाजीनं एका शब्दात हो म्हटलं.

झालं असं की त्यांची मुलगी धम्मदीपा हिला रत्नागिरी जिल्ह्यात आरोग्यसेविकेची नोकरी लागली. तिनं फोनवर आईला सांगितलं, की खोलीतून समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो. वहिनी दादरला सहा डिसेंबरला दोनदा जाऊन आल्या होत्या. तिथे समुद्र आहे हे त्यांना माहीत होतं. पण रांगेतून माणसांच्या डोक्यांवरून जेवढा दिसला तेवढाच.

“पाह्यला मी समुद्र,” त्या म्हणाल्या, “पाय नाही बुडवला त्यात. एक डाव पाय बुडवाचा हाय.”

“जाऊ,” भिवाजी म्हणाला.

“कधी?”

“माघाच्या पुनवेले पोचू.”

पौर्णिमा वहिनींनीच ठरवली होती. दर पौर्णिमेला त्या पांढरं लुगडं नेसतात, उपोसथ धरतात, दुपारी बाराच्या आत एकदा जेवतात. आमच्या घराघरांत चांगल्या कामाला पौर्णिमाच धरतात. पौर्णिमेच्या दिवशी समुद्राचं काय होतं, हे कामरगावात कोण कोणाला सांगणार? भरती-ओहोटी मी वाचलेली होती. चंद्राची चित्रंही पाहिली होती. पण त्या चित्राचा आणि वहिनींच्या लुगड्याचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही.

रेल्वेनं या, असं धम्मदीपा म्हणत होती. जिना चढायचा कोणी, म्हणून ते बारगळलं. जीपनं निघालो. मी सोबत गेलो, कारण नाक्यानाक्यावर बोलायला कोणी लागतं आणि भिवाजीला ते जमत नाही. दोन दिवस लागले. चाळीस-पन्नासच्या वर त्यानं गाडी नेली नाही. मागचे ट्रक हॉर्न मारत राहिले.

“जाऊ दे ना त्याले पुढं,” मी म्हणायचो.

“जाते त जाऊ दे. मी कुठी धरून ठेवलं त्याले.”

घाट उतरताना त्यानं दोनदा गाडी थांबवून लाल माती हातात घेऊन चोळली आणि टाकून दिली. “इच्यात काही दम नाही,” म्हणाला. कोकणाबद्दल त्याचं हे एवढंच मत.

पौर्णिमेच्या सकाळी साडेसातला आम्ही किनाऱ्यावर होतो. सुरूच्या झाडांची रांग, तिच्यापुढे रेती, आणि रेतीच्या पार पलीकडे पाणी. ओहोटी होती. पाणी इतकं लांब गेलेलं की माणसं तिथे मुंग्यांएवढी. वहिनी उतरल्या, काठी टेकत पंधरा-वीस पावलं गेल्या आणि रेतीत बसल्या. पाय मऊ रेतीत रुततात, गुडघ्याला जोर कुठून आणायचा?

“राहू द्या,” त्या म्हणाल्या, “इथूनच चांगला दिसते.”

भिवाजीनं पाण्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. “आनतो गाडी,” म्हणाला.

सुरूच्या झाडाला पाटी होती. धम्मदीपानं मोठ्यानं वाचली. “किनाऱ्यावर वाहने नेण्यास सक्त मनाई आहे. बाबा, नेऊ नका.”

“रेतीवर दहा गाड्यांच्या चाकोऱ्या दिसून राह्यल्या,” मी म्हणालो. “ती पाटी मजा मारणाऱ्यांसाठी आहे. आपण कुठे मजा मारायला आलो?”

हे मी म्हणालो. भिवाजी नाही म्हणाला. इथे लिहून ठेवतो, कारण पुढे दोष कोणाचा हे लोकांनी आपापल्या सोयीनं ठरवलं.

त्यानं पुढचा गिअर टाकला, चारही चाकं लागली, आणि वहिनींना बसवून जीप उतरणीवरून सरळ सोडली. न थांबता, एका दमात. मऊ रेती पार झाली, मध्ये एक उथळ खोलगट पट्टा लागला, तोही पार झाला, पुढे ओली रेती. ओल्या रेतीवर जीप अशी चालली जणू डांबरी सडक. धम्मदीपा आणि मी मागून पळत गेलो. भिवाजीचा चेहरा पाहिला तर खुश नव्हता. ओली जमीन गाडीला धरून ठेवत नाही, उलट वर उचलते, हे त्याला पटत नव्हतं.

वहिनींना आम्ही दोघांनी धरून उतरवलं. पहिली लाट घोट्यापर्यंत आली आणि गेली.

“अवं माय,” त्या म्हणाल्या, “बोटभर पानी हाय अन् पायाखालची जमीन ओढून राह्यलं.”

“घाबरली काय वं आई?”

“घाबरू कायले. ह्या समुद्राले वाटते मी पडतो. मी नाही पडत.” त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं, थुंकल्या आणि हसल्या. “खरंच खारट हाय. मले वाटे लोकं सांगतेत उगीच.”

लुगड्याचे ओचे वर धरून ती बाई त्या पाण्यात दहा मिनिटं उभी होती. अलीकडच्या वर्षांत इतका वेळ तिला काठीशिवाय उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. आम्ही तिथूनच परत फिरलो असतो तर ही गोष्ट लिहायची गरज नव्हती.

जीपखालून लाट आली आणि परत गेली. जाताना चाकांच्या बुडाची रेती घेऊन गेली. टायर दोन बोटं खाली बसले. भिवाजी तेच पाहत होता.

“खाऊन राह्यली,” तो म्हणाला. “अथी नाही ठेवत गाडी.”

“मग निघूया ना बाबा.”

“उभी राहू दे तिले अजून. तोवर मी गाडी थ्या उंचवट्यावर लावतो.”

खोलगट पट्ट्याच्या अलीकडे, पाण्याच्या बाजूला, रेतीचा एक लांबट उंचवटा होता. वरून पांढुरका, कोरडा, भुरभुरीत. आमच्याकडच्या कोणत्याही माणसाला विचारा, मलाही विचारा, आम्ही गाडी तिथेच लावली असती. ओलं सोडलं, कोरडं धरलं. खोल सोडलं, उंच धरलं. भिवाजीनं जीप तिथे चढवली आणि उभी केली.

उभी केली आणि ती खाली बसली. आवाज नाही, हिसका नाही. म्हैस डबक्यात बसते तशी बसली.

त्यानं गिअर टाकला. चारही चाकं फिरली आणि चारही जागच्या जागी खड्डा करत गेली. मागे घेतली, तेच. पुढे, तेच. चौथ्या वेळी जीपचं पोट रेतीला टेकलं. भिवाजी उतरला, चप्पल काढली आणि टाच रेतीत दाबली. टाच गेली, घोटा गेला, पोटरी अर्धी गेली. कोरड्या जमिनीत त्याचा पाय असा जाताना मी पहिल्यांदा पाहत होतो. त्यानं पाय काढून घेतला आणि कितीतरी वेळ त्या भोकाकडे पाहत राहिला.

लांबून एक नारळपाणीवाला आला. लुंगी, उघडं अंग, भिवाजीच्याच वयाचा.

“ओल्यावरनं आलात तसंच ओल्यावरनं जायचं,” तो म्हणाला. “कोरड्यात कशाला घातलीत?”

“लावायची होती म्हणून लावली,” मी म्हणालो.

“चारी टायरातली हवा काढा. अर्ध्याच्या खाली आणा. आणि लवकर करा, आज पुनव आहे, उधाणाचं पाणी हितवर येतं.”

भिवाजीनं मान हलवली. “हवा काहाडली का टायर बसते. टायर बसलं का मंग गाडी निंगतच नाही.”

“चिखलात नसंल निघत. हा चिखल नाय, पावणे.”

“ओ काका,” मी म्हणालो, “या माणसानं बावीस वर्षं गाडी घातली आहे, अशा ठिकाणी की तुम्ही पायी उतरणार नाही. फसलेल्या गाडीची हवा सोडा म्हणे. मग पुढे काय, ढकलत वाशीमला नेऊ?”

तो माणूस माझ्याकडे पाहून हसला. ते हसणं मला लागलं. परगावात कोणी आपल्या माणसाला शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं, आणि त्या दिवशी फिरलं. मी आणखी दोन शब्द बोललो. ते इथे लिहीत नाही.

“बरं बाबा,” तो म्हणाला, “गाडी तुमची.” आणि आपल्या नारळांकडे गेला.

भिवाजी त्याच्या पाठीकडे पाहत होता. मला वाटतं त्याला त्या माणसाला थांबवायचं होतं. हाक मारणं त्याला जमत नाही आणि बोलायला ज्याला सोबत आणलं होतं तो मी होतो.

मग आम्ही आमच्या पद्धतीनं सुरू केलं. दगड शोधले, तिथे दगड नव्हते. पऱ्हाट्या कुठून असणार? सुरूच्या झाडांमागून नारळाच्या झावळ्या ओढत आणल्या, मी आणि धम्मदीपा, तीन खेपा. चाकाखाली घातल्या. चाकांनी त्या मागे फेकून दिल्या. बारदान घातलं, जीपमधलं पायाखालचं रबर घातलं, तेही मागे आलं. हातानं रेती उपसली तर जेवढी काढावी तेवढी बाजूनं पुन्हा आत घसरायची. काळी माती चिकटते, पण एकदा बाजूला केली की राहते. ही राहतच नव्हती.

तोपर्यंत माणसं जमली. तीस-चाळीस असतील. सगळ्यांच्या हातात फोन. आमच्याकडे गाडी फसली की माणूस आधी धोतर वर खोचतो. इथे सगळे उभे राहून चित्र घेत होते.

“पाहता काय, हात लावा ना,” मी ओरडलो.

आठ-दहा पोरं आली, खरं सांगायचं तर जोर लावला. पाय रुतले, एक पडला, सगळे हसले, पडलेल्याचा फोटो निघाला. जीप जागची हलली नाही. मी फोन काढला. आमच्या जिल्ह्यात माझ्याकडे ठाणेदारापासून वायरमनपर्यंत सगळ्यांचे नंबर आहेत आणि माझं नाव ऐकलं की उचलणारा सरळ बसतो. इथे मी कोणाला फोन करणार? एका हॉटेलवाल्यानं जेसीबीवाल्याचा नंबर दिला. तो म्हणाला, एका कामावर आहे, तीन वाजेपर्यंत येईन. मी त्याला म्हणालो, मी कोण आहे माहीत आहे का? तो म्हणाला, नाय. खरंच नव्हतं माहीत त्याला.

वहिनींना आम्ही उंचवट्यावरच पाण्याच्या कॅनवर बसवलं होतं. सगळे समुद्राकडे पाहत होते, कारण पाणी समुद्राकडून येईल हे सगळ्यांना माहीत होतं. वहिनी झाडांच्या दिशेनं तोंड करून बसल्या होत्या.

“अवो,” त्या म्हणाल्या, “पानी मांगून येऊन राह्यलं.”

मागचा खोलगट पट्टा भरत होता. एका टोकाकडून पाणी शिरलं होतं आणि गुपचूप, लाट न करता, आमच्या आणि झाडांच्या मध्ये पसरत होतं. साडेनऊ वाजले होते.

मी नारळपाणीवाल्याकडे पळालो. काय बोललो आठवत नाही. त्यानं कोयता ठेवला आणि आला. टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

“आता हवा काढून बघा,” एवढंच म्हणाला.

भिवाजी स्वतः प्रत्येक चाकापाशी बसला आणि काडीनं वॉल्व दाबून हवा सोडत गेला. गच्च हवेचे ते टायर, दर पावसाळ्याआधी कारंजाला नेऊन भरून आणलेले. फुस्स करत पोटात जात होते. मग तो गाडीत बसला. आम्ही मागून लागलो, नारळवाला लागला, पोरं लागली. आणि जीप हलली. मऊ पडलेले टायर रेतीवर चढले, एक हात, दोन हात, पाच हात. उंचवट्यावरून ती सरळ झाडांच्या दिशेनं उतरली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

खोलगटात पाणी मांडीएवढं झालं होतं. तासाभरापूर्वी तिथे घोट्याएवढंही नव्हतं. पुढची चाकं त्यात उतरली, बुडाची रेती मऊ पडलेली, जीप पुढून वाकली. इंजिननं दोन आचके दिले आणि बंद पडलं. त्या किनाऱ्यावर ते पुन्हा सुरू झालं नाही.

नारळवाल्यानं आणि एका पोरानं वहिनींना दोन्ही बाजूंनी उचलून पलीकडे नेलं. धम्मदीपा पाण्यात उभी राहून म्हणत होती, “बाबा, उतरा. बाबा, उतरा आता.”

भिवाजी स्टिअरिंग धरून बसला होता. पाणी सीटला लागलं तेव्हा मागे वळला, ती गादीची गुंडाळी उचलली, डोक्यावर घेतली आणि उतरला. कंबरभर पाण्यातून तो गादी घेऊन चालत आला. दुसरं त्यानं काही घेतलं नाही. कागदपत्रं नाहीत, जॅक नाही.

मग आम्ही सुरूच्या झाडांखाली बसून पाहिलं. करण्यासारखं काही नव्हतं. पाणी चढत गेलं. आधी चाकं गेली, मग बॉनेट, मग काच. बाराच्या सुमारास फक्त हूड वर राहिला आणि लाटा त्यावरून जायला लागल्या. धम्मदीपानं डबा उघडून आईपुढे ठेवला. उपोसथाची वेळ टळत होती. वहिनींनी डबा झाकला.

“माह्या पायासाठी गेली,” त्या म्हणाल्या.

“तुमच्या पायासाठी नाही वहिनी,” मी म्हणालो. “मी त्या माणसाशी भांडलो नसतो तर—”

“कोनाचं काही नाही,” भिवाजी म्हणाला. “मले वाटलं माती हाय.”

पोलीस आले. त्यांनी पाटी दाखवली आणि वाचता येतं का विचारलं. आयुष्यभर मी खाकीसमोर तोंड मिटलेलं नाही. त्या दिवशी मिटलं. पंचनामा झाला, सही भिवाजीनं केली.

तीननंतर पाणी बरंच उतरलं तेव्हा जेसीबी आला. साखळी लावून ओढली. जीपमधून समुद्र बाहेर पडत होता, दारांतून, बाकड्यांखालून, इंजिनमधून. भिवाजी तिच्याभोवती एकदा फिरला, बॉनेट उघडलं आणि परत लावून टाकलं.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ कामरगावात पोहोचला होता. बावीस सेकंदांचा, मागे कोणीतरी हसायला लावणारं गाणं लावलेलं. धम्मदीपाच्या खोलीत आम्ही चहा घेत होतो, तेव्हा भिवाजीचा फोन वाजला. नाल्यापलीकडची रुख्मिणी होती. फोन त्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून तो आवाज मोठा करून ठेवतो.

“काका, तो व्हिडिओ आला पाहा. लोकं म्हन्तेत तुमची गाडी हाय. मी म्हटलं नसंल. आपली नाही ना थे?”

“आपलीच हाय,” भिवाजी म्हणाला.

“अन् माय कशी हाय?”

“बरी हाय. पाय बुडवला तिनं.”

जीप ट्रकवर घालून घरी आणली. कारंजाच्या मिस्त्रीनं इंजिन खोललं, रेती धुऊन काढली, तीन दिवस खटपट केली. एकदा ते सुरूही झालं. “इंजिनचं होईल काका,” मिस्त्री म्हणाला, “पन चेसिस खाल्ली हो मिठानं. चिखलात एक हिसका बसला का मधातून जाईल. मांगं बाई बसली असली त?” भिवाजीनं मान हलवली. जीप अंगणात उभी केली. मे महिन्यात तिच्या पोटाखाली गंजाच्या तांबड्या पापड्यांचा सडा पडायला लागला. वहिनी रोज तो झाडून काढायच्या आणि कोणाला दिसणार नाही असा मागे नेऊन टाकायच्या.

मी पुन्हा पुलाचं निवेदन दिलं. तहसीलच्या साहेबांनी तेच उत्तर दिलं, पूल मंजूर आहे. मी म्हणालो, आजवर तुमचा मंजूर पूल एका माणसाच्या जीपवर उभा होता, ती जीप आता नाही. ते म्हणाले, तुमची भावना वर कळवतो. मी टेबलावर हात आपटला. टेबल मजबूत होतं.

जुलैत चिखल झाला. पूर्वी जुलैत भिवाजीचा फोन वाजायला लागायचा. या वर्षी वाजला नाही. तो फोन चार्ज करून खिशात ठेवायचा, जेवताना ताटाजवळ ठेवायचा. लोक वाईट नाहीत. त्याला उगीच वाईट वाटू नये म्हणून कोणी लावत नव्हतं.

रुख्मिणीची धाकटी जाऊ योगिनी हिला दुपारी कळा सुरू झाल्या. चौघांनी बाजेवर घालून आणलं. नाल्याच्या उतारावर बाजेसकट माणसं कंबरेपर्यंत गेली, तिथेच बाळ झालं, चिखलात. बाळ जगलं. योगिनीचं रक्त थांबेना, ती अकोल्याच्या दवाखान्यात अठरा दिवस होती.

भिवाजीला हे तिसऱ्या दिवशी कळलं, हरीओमच्या चक्कीवर. तो दळण घेऊन गेला होता, मीही सोबत होतो. हरीओम दुसऱ्याच कोणाला सांगत होता.

“मले काहून नाही सांगतलं?” भिवाजीनं विचारलं.

हरीओमनं हातातला डबा खाली ठेवला. “तुमाले सांगून काय करतेत काका. गाडी कुठी हाय?”

भिवाजी म्हणाला, “कोनत्या बाजूनं उतरवलं तिले?”

“बाभळीखालून, नेहमीच्या वाटेनं.”

“थे नेहमीची वाट उन्हाळ्याची हाय. बाभळीखाली त मानूस जाते बुडत. टेकाडाच्या अंगानं यायाचं होतं. तथी खाली मुरूम हाय, वरून समजत नाही. चाळीसक पावलं जास्ती पडतेत, पन पाय धरते. बाज नेता येते. मी दाखवली असती.” एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. “फक्त चालाचंच होतं न पुढं. मी चाललो असतो.”

पण हरीओमनं पट्टा चढवला होता आणि चक्की सुरू झाली होती. त्याला ऐकू गेलं नाही. भिवाजी डबा भरेपर्यंत तिथेच उभा राहिला.